मलेरियाचा ताप परत आला तर: आधी तारीख बघा, मग गोळी

श्रावणात मलेरिया झाला, गोळ्या सुरू केल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग ऐन कापूस वेचणीत, दिवाळीच्या आगेमागे, पुन्हा तशीच हुडहुडी भरते. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. तास-दोन तासांनी अंग फणफणतं आणि शेवटी घामाने कपडे भिजतात. ‘ताप परत उना’ म्हणत माणूस दवाखाना गाठतो. घरच्यांच्या मते औषधात दम नव्हता, नाहीतर डास पुन्हा चावला. दोन्ही शक्य आहे. पण तिसरंही एक कारण असतं आणि तेच नेमकं कुणाच्या डोक्यात येत नाही: जंतू शरीरातून गेलाच नव्हता, यकृतात झोपून होता.

या तिन्हींचा उपचार वेगवेगळा आहे. म्हणून ताप परत आला की मागच्या वेळी उरलेली गोळी तोंडात टाकायची नाही. आधी दोन गोष्टी शोधायच्या: मागचा मलेरिया कुठल्या जातीचा होता, आणि उपचार सुरू केल्यापासून आज कितवा दिवस आहे.

जात कुठे लिहिलेली असते

आपल्याकडे, म्हणजे धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत, माणसाला होणारा मलेरिया मुख्यतः दोन जातींचा. एक व्हायव्हॅक्स, रिपोर्टवर ‘पीव्ही’. दुसरा फाल्सिपेरम, रिपोर्टवर ‘पीएफ’. क्वचित दोन्ही एकत्र निघतात, तिथे ‘मिक्स’ लिहितात. नुसतं ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ असं लिहिलेला कागद अर्धवट आहे. लॅबवाल्याला किंवा आरोग्यसेवकाला तिथेच विचारा की पीव्ही का पीएफ, आणि त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. सहा महिन्यांनी हीच दोन अक्षरं कामाला येतात.

व्हायव्हॅक्स: जंतू झोपतो कसा

डास चावला की जंतू रक्तातून अर्ध्या-पाऊण तासात यकृतात पोचतात. तिथे वाढतात, मग रक्तात उतरतात, तांबड्या पेशी फोडतात, आणि त्या फुटण्याच्या वेळी थंडी-ताप येतो. फाल्सिपेरमचे सगळे जंतू यकृतातून बाहेर पडतात, मागे काही उरत नाही. व्हायव्हॅक्सचे काही मात्र यकृताच्या पेशीतच निपचित पडून राहतात. ते वाढत नाहीत, ताप आणत नाहीत, रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यातले काही जागे होतात आणि मलेरिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यासाठी नवा डास चावावा लागत नाही. म्हणूनच ऐन उन्हाळ्यात, गावात डास नावाला नसतानाही, एखाद्याला व्हायव्हॅक्स निघतो.

शेतकऱ्याला हे लव्हाळ्यावरून लगेच कळेल. खुरपलं की रान स्वच्छ दिसतं, पण जमिनीतली गाठ शाबूत असते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. क्लोरोक्विन ही खुरपणी आहे. रक्तातले जंतू ती मारते, ताप दोन-तीन दिवसांत जातो. यकृतातल्या गाठीपर्यंत पोचणारं औषध म्हणजे प्रायमाक्विन, आणि ते 14 दिवस घ्यावं लागतं.

सगळी गोम इथे आहे. ताप जातो तिसऱ्या दिवशी आणि गोळ्या संपतात चौदाव्या दिवशी. मधले अकरा दिवस माणूस ठणठणीत असतो, मजुरीला जातो, आणि ठणठणीत माणसाला गोळी घ्यायची आठवण राहत नाही. त्यातून उपाशीपोटी घेतली तर पोटात कळ येते, मळमळतं. मग ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ती कोनाड्यात पडून राहते. परत येणाऱ्या व्हायव्हॅक्समागचं, आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

गोळ्या मोजून घ्या

खालचे आकडे राष्ट्रीय कार्यक्रमातल्या नेहमीच्या डोसाचे आहेत. स्वतःहून औषध सुरू करण्यासाठी ते दिलेले नाहीत. हातात पडलेलं पाकीट पुरेसं आहे का, हे पडताळण्यासाठी आहेत.

क्लोरोक्विनची नेहमीची गोळी 250 मिलिग्रॅमची असते. 15 वर्षांवरच्या माणसाला पहिल्या दिवशी 4, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2, अशा एकूण 10. 9 ते 14 वर्षांच्या मुलाला 3, 3 आणि दीड. 5 ते 8 वर्षांना 2, 2, 1. 1 ते 4 वर्षांना 1, 1 आणि अर्धी.

प्रायमाक्विन 2.5, 7.5 आणि 15 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत येतं, आणि घोटाळा इथेच होतो. मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम लागतात. म्हणजे 14 दिवसांसाठी 7.5 च्या 28 गोळ्या, किंवा 15 च्या 14, किंवा 2.5 च्या 84. कुणी 7.5 च्या 14 गोळ्या घेऊन घरी गेला आणि रोज एक खाल्ली, तर कोर्स ‘पूर्ण’ होतो पण औषध निम्मंच पोटात जातं. पाकिटावरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा, नाहीतर वाचून घ्या. मुलांना रोज: 9 ते 14 वर्षं 10 मिलिग्रॅम, 5 ते 8 वर्षं 5, 1 ते 4 वर्षं 2.5.

हा डोस किलोमागे 0.25 मिलिग्रॅम या हिशोबाचा आहे, म्हणजे 15 मिलिग्रॅम साधारण 60 किलोच्या माणसाचे. वजन 80 किलो असेल तर तेवढंच औषध कमी पडू शकतं. अंगापिंडाने मोठ्या माणसाचं वजन करूनच डोस ठरवायला डॉक्टरांना सांगा. हा मुद्दा फार दुर्लक्षिला जातो. यकृतातला जंतू मरतो तो एकूण किती औषध पोटात गेलं त्यावर.

गोळी जेवल्यावर घ्या. सकाळच्या नुसत्या चहावर नको, भाकरी किंवा खिचडी पोटात गेल्यावर. रोज एकच वेळ धरा. बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणानंतरची वेळ जमते, कारण दिवसा माणूस शेतात असतो. कॅलेंडरवर पहिल्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत गोल करून ठेवा आणि गोळी गिळली की काट मारा. एखादा दिवस चुकला तर आठवल्याबरोबर त्या दिवसाची घ्या, पण दोन दिवसांच्या एकदम घेऊ नका. कोर्स एक दिवस लांबला तरी चालेल, गोळ्या सगळ्या संपल्या पाहिजेत. सलग दोन-तीन दिवस चुकले असतील तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगा, ओशाळून गप्प बसू नका.

उलटीचं लक्षात ठेवा. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस गेला, तो पुन्हा द्यावा लागतो. म्हणूनच पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा आणि थोडा वेळ तिथेच बसायचं. पुन्हा उलटी झाली तर गोळ्यांचा नाद सोडून थेट दवाखाना.

प्रायमाक्विन कुणाला द्यायचं नाही

गरोदर बाईला नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी आहे त्यांना नेहमीच्या पद्धतीने नाही. ही कमतरता जन्मजात असते, पुरुषांत जास्त त्रास देते, आणि आदिवासी समाजांत तिचं प्रमाण तुलनेने जास्त आढळतं. अशा माणसाला रोजचं प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. ओळखायची खूण लघवी: काळ्या चहासारखी, गडद तपकिरी होते. सोबत डोळे पिवळे, ओठ फिके, चालताना धाप, कंबरदुखी. यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी लघवीचा रंग बघायची सवय लावा, फुकटची तपासणी आहे.

जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. कमतरता निघाली तरी वाट बंद होत नाही. डॉक्टर आपल्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं प्रायमाक्विन देऊ शकतात. नंदुरबार-धुळ्याकडे अनेकांकडे सिकलसेलचं कार्ड असतं. ते डॉक्टरांना जरूर दाखवा, पण ‘सिकलसेल तपासलंय म्हणजे झालं’ असं धरू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गरोदरपणात व्हायव्हॅक्स झाला तर क्लोरोक्विन देता येतं, ताप जातो, पण यकृतातला जंतू तसाच राहतो. पुढे बाळंतपणापर्यंत तो पुन्हा उठू शकतो. नंतर प्रायमाक्विन कधी द्यायचं हे बाळ अंगावर पितंय का, हे बघून डॉक्टर ठरवतात. मातेच्या कार्डात ‘व्हायव्हॅक्स, प्रायमाक्विन बाकी’ एवढं लिहून घ्या. हे लिहिलेलं नसेल तर बाळंतपणाच्या धावपळीत ते हमखास राहून जातं.

फाल्सिपेरम: इथे जंतू झोपत नाही, उरतो

फाल्सिपेरमचा ताप परत आला तर कारण बहुधा रक्तातच असतं. औषधाने बरेचसे जंतू मेले, थोडे राहिले, ते वाढले आणि ताप पुन्हा उसळला. हे साधारण उपचार सुरू केल्यापासून 28 दिवसांत, कधी 42 दिवसांपर्यंत दिसतं.

फाल्सिपेरमला तीन दिवसांचा एसीटी कोर्स असतो, आर्टिमिसिनिन गटातलं एक औषध आणि जोडीला दुसरं. वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटात मिळतो. आर्टिमिसिनिन झपाट्याने जंतू मारतं, पण काही तासांत शरीरातून निघून जातं. मागे राहिलेल्यांना संपवायचं काम जोडीच्या औषधाचं. म्हणून एका दिवसात बरं वाटलं तरी तिसऱ्या दिवसाची गोळी सोडायची नाही आणि एका मुलाचं पाकीट दोघांत वाटायचं नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. खाजगी दवाखान्यात मलेरियाची दोन-तीन इंजेक्शनं घेतली, सलाईन लावलं, ताप गेला, घरी आले. इंजेक्शनने माणूस सावरतो, जंतू मुळापासून जातोच असं नाही. रुग्णाला गिळता यायला लागलं की त्यानंतर तोंडाने एसीटीचा पूर्ण तीन दिवसांचा कोर्स घ्यावाच लागतो. डिस्चार्जच्या कागदावर तो नसेल तर तिथेच विचारा.

फाल्सिपेरममध्येही प्रायमाक्विन देतात, पण एकदाच. मोठ्या माणसाला 45 मिलिग्रॅम. त्याने डासामार्फत दुसऱ्याकडे जाणारे जंतू मरतात. यकृतात झोपलेल्या व्हायव्हॅक्सला या एका डोसाने काही होत नाही. म्हणून ‘मागच्या वेळी प्रायमाक्विन घेतलं होतं’ एवढं सांगून भागत नाही, एक दिवस का चौदा दिवस ते सांगा. फाल्सिपेरम बरा होऊन महिना-दोन महिन्यांत व्हायव्हॅक्स उठतो, असंही ज्या भागात दोन्ही जाती असतात तिथे पुष्कळदा दिसतं. त्यात आधीचा उपचार फसलेला नसतो.

आता तारखेचा हिशोब

उपचार सुरू केला तो दिवस धरून मोजा.

तीन दिवस पूर्ण होऊनही ताप हटत नाही: जंतू औषधाला दाद देत नाही, डोस उलटीत गेला, जात चुकीची ओळखली गेली, किंवा ताप मलेरियाचा एकटा नाही. पावसाळ्यात डेंग्यू बरोबरीने असतो. लगेच परत रक्त तपासा.

चार आठवड्यांच्या आत ताप परत आला: पीएफ असेल तर उपचार अपुरा पडल्याचा संशय आधी घ्यायचा. डॉक्टर बहुधा औषध बदलतात, तेच पाकीट पुन्हा देत नाहीत. पीव्ही असेल तर क्लोरोक्विन पूर्ण गेलं का ते बघतात.

चार आठवड्यांनंतर, पीव्ही: झोपलेला जंतू उठला असण्याची शक्यता मोठी. क्लोरोक्विन रक्तात काही आठवडे रेंगाळतं आणि पहिली उठावणी दाबून ठेवतं, म्हणून ताप अनेकदा दीड-दोन महिन्यांनी येतो. काहींना आठ-दहा महिन्यांनी. क्लोरोक्विन पुन्हा, आणि या वेळी प्रायमाक्विन मोजून 14 दिवस. नीट 14 दिवस घेऊनही पुन्हा आला तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींच्या यकृतात हे औषध हवं तसं कामाला लागत नाही, काहींना वजनाच्या मानाने कमी मिळालेलं असतं.

नवीन डास चावूनही हे सगळं होऊ शकतं, आणि पीव्हीच्या बाबतीत नवा का जुना हे गावपातळीवर कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. उपचाराच्या दृष्टीने फरक पडत नाही. दोन्हीकडे पूर्ण कोर्स.

तपासणीत कुठे फसगत होते

बोटातून थेंबभर रक्त घेऊन 15-20 मिनिटांत रेघा दाखवणारी किट आशाताईंकडे असते. पहिल्या निदानाला ती उत्तम. ताप परत आल्यावर मात्र तिच्यावर विसंबू नका. फाल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनावर उमटते ते जंतू मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. जंतू नसताना रेघ येते आणि माणूस विनाकारण दुसरा कोर्स खातो. अशा वेळी काचपट्टीवरचा रक्तनमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो.

रक्त गोळी घेण्याआधी द्या. आदल्या रात्री मागची उरलेली क्लोरोक्विन खाऊन आलात तर जंतू इतके कमी होतात की काचपट्टी निगेटिव्ह येते, आणि आजार मात्र आत राहतो. पॅरासिटामॉल चालेल, त्याने तपासणी बिघडत नाही. काचपट्टी निगेटिव्ह येऊनही थंडी-ताप चालूच असेल तर 12 ते 24 तासांनी परत रक्त द्या.

‘टायफॉईड आणि मलेरिया दोन्ही निघालं’ हे वाक्य खानदेशात घरोघरी ऐकू येतं. टायफॉईडसाठी जी विडाल तपासणी करतात ती मलेरियात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मलेरियाच्या गोळ्यांनी ताप दोन दिवसांत गेला तर टायफॉईडच्या सलाईनवर पैसे ओतण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ताप नाही, पण अंगात त्राण नाही, चक्कर येते, भूक मेली आहे, हा बहुधा परतलेला मलेरिया नव्हे. तांबड्या पेशी फुटल्याने रक्त कमी झालेलं असू शकतं. हिमोग्लोबिन तपासा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

बरळणं, झटका, बेशुद्धी, उठून बसता न येणं, धाप, डोळे पिवळे, लघवी काळपट किंवा जवळजवळ बंद, सतत उलट्या, मूल दूध ओढत नाही. यातलं एकही दिसलं तर गावात वेळ न घालवता 108 ला फोन. फाल्सिपेरम काही तासांत जिवावर बेततो. भगताकडे जायचं मनात असेल तर आधी दवाखाना गाठा, बाकीचं मागाहून.

स्थलांतरात काय बरोबर न्यायचं

दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं ऊसतोडीला, गुजरातेत बांधकामावर जातात आणि होळीला परततात. पावसाळ्यात झालेला व्हायव्हॅक्स नेमका या काळात, परक्या मुलखात उठतो. तिथल्या डॉक्टरला मागचं काही माहीत नसतं. म्हणून निघण्याआधी एका कागदावर हे लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढा: तपासणीची तारीख, पीव्ही का पीएफ, कुठल्या गोळ्या, किती मिलिग्रॅम, किती दिवस पूर्ण घेतल्या, वजन, जी-सिक्स-पीडी तपासलं असेल तर निकाल. कोर्स अर्धा असताना निघायची पाळी आली तर उरलेल्या गोळ्या मोजून बरोबर न्या. मुकादमाच्या ट्रकमध्ये सामान भरताना औषधाची पिशवी गाठोड्यात तळाला जाते, ती अंगावर ठेवा.

डासांचं

हा जंतू नेणारा डास रात्री चावतो आणि स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. खेड्यात नदीपात्रातल्या वाळूच्या खड्ड्यांत, पाटाच्या कडेला. शहरात घरातल्याच टाकीत. नळ चार-चार दिवसांनी येतो म्हणून पिंपं भरून ठेवणं भाग आहे, तेव्हा आठवड्यातून एक दिवस ती पूर्ण रिकामी करून आतून घासून कोरडी करा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. झाकण घट्ट बसत नसेल तर जुनं धोतर दोनपदरी बांधा. औषध लावलेली मच्छरदाणी सौम्य साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची, आणि मळ्यात जागलीला जाताना ती घरी ठेवायची नाही. आजारी माणूस पहिले काही दिवस मच्छरदाणीतच झोपला पाहिजे, आणि त्या घरात दुसऱ्या कुणाला महिनाभरात ताप आला तर त्याचंही रक्त गोळी देण्याआधी घ्या.